टाकीमागच्या जागेवरील ओल्या चादरींबाबत

जबाब देणार: आळीत धाकटी या नावाने ओळखली जाते. वय: शाळेच्या दाखल्याप्रमाणे बावन्न, खरे त्याहून थोडे जास्त असावे. धंदा: बाहेरचे कपडे धुणे, वाळवणे व इस्त्री करून पोचवणे. राहणार: पाण्याच्या टाकीमागची आळी, सार्वजनिक नळाला लागून दुसरे घर.

मी आज ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर झाले असून विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि माझी मोठी जाऊ असे तिघे राहतो. मोठे दीर हयात नाहीत. जावेला आळीत सगळे थोरली म्हणतात. धंदा तिघांचा मिळून आहे. थोरली भट्टी आणि धुणे बघते, मी पिळणे आणि वाळवणे बघते, पती इस्त्री करतात. घरात शब्द थोरलीचा चालतो. माझा चालत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, आणि असली तरी ती ठाण्यात देण्यासारखी नाही.

थोरलीला आज दुपारपासून ठाण्यात बसवून ठेवलेले आहे. टाकीमागच्या जागेला पत्र्याचे कुंपण घालायला आलेल्या मुकादमाची तक्रार आहे की, तिने कामात अडथळा आणला आणि त्याला ढकलून पाडले, त्यात त्याचा खांदा निखळला. याबाबत मी जे पाहिले ते सांगण्यासाठी मला बोलावले आहे. मी ते सांगते. मात्र जागेचे आधी सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांचे म्हणणे पडले की, "मावशी, जागेचं राहू द्या, आजच्यापुरतं बोला." मी म्हणाले की आजचे सगळे त्या जागेवरूनच झाले आहे. त्यावर त्यांनी सुस्कारा टाकला व नवीन पान घेतले.

आमच्या आळीत नऊ घरे आहेत आणि नऊही घरांत हाच धंदा आहे. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सलूनचे नॅपकिन असे काम येते. घरे एका खोलीची. आळी इतकी अरुंद की समोरून कोणी आले तर आपण भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. तिथे रुमाल वाळत घालायचा तरी कुणाच्या तरी नाकासमोर येतो. म्हणून टाकीमागे जी सपाट जागा आहे तिथे आम्ही कपडे वाळत घालतो. जागा सरकारची आहे. ती आमच्या मालकीची आहे असे आळीतल्या कुणी आजवर म्हटलेले नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई तिथे वाळत घालत असत, आणि त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवले ते पिळाच्या दोरीचे काम. दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणायच्या आणि कपड्याचे टोक त्या पिळात खोचायचे. चिमटा लागत नाही. वारा सुटला तरी कपडा उडत नाही.

या जागेबद्दल आळीचा एक रिवाज आहे. टाकीच्या बाजूच्या रांगेवर दुपारपर्यंत टाकीची सावली असते आणि पलीकडच्या रांगेवर सकाळपासून ऊन. कायम एकाच घराला ऊन मिळाले तर बाकीच्यांचे काम मागे पडणार. म्हणून दर सोमवारी प्रत्येक घर एक रांग पुढे सरकते, आणि उन्हातले शेवटचे घर पुन्हा सावलीत येते. ज्यांच्या घरात आजारपण असेल त्यांना पाळी नसताना उन्हाची रांग मिळते. यावरून भांडणे होत नाहीत असे मी सांगणार नाही. पुष्कळ होतात. थोरली तर भांडण नसेल त्या सोमवारी जरा उदासच असते. पण सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या रांगा बदललेल्या असतात, हे खरे आहे. याशिवाय कुणाला इस्पितळात न्यायची वेळ आली तर गाडी तिथपर्यंतच येते, माणसाला आळीतून खुर्चीवर बसवून तिथे आणावे लागते. माझ्या दिरांना तसेच नेले होते.

गेल्या वर्षी नगररचना कार्यालयाकडून निरोप आला की, शहराचा नवा आराखडा करायचा आहे, त्यासाठी अधिकारी आळी पाहायला येणार आहेत. लोकांना विचारून आराखडा करायचा असे ठरले आहे, असेही त्या निरोपात होते. आळीत याचा फार आनंद झाला. आमच्याकडे आजवर विचारायला कुणी आलेले नव्हते. जे आले ते सांगायला आले.

थोरलीने आदल्या दिवशी नऊ घरांत फिरून फर्मान काढले. "चार मोठी माणसं पहिल्यांदा दारात येणार, आणि त्यांच्या डोक्यावर लोकांच्या चड्ड्या लोंबणार? काही लाज आहे का?" एक दिवस भट्टी बंद ठेवायची असे ठरले. सगळ्या दोऱ्या सोडल्या. बांबू उपटून घरांच्या मागे नेऊन ठेवले. बांबूंचे खड्डेसुद्धा बुजवले. जागा झाडून तिच्यावर पाणी मारले. मी एवढेच म्हणाले होते की खड्डे कशाला बुजवायचे, उद्या पुन्हा खणावे लागतील. त्यावर थोरलीने माझ्याकडे असे पाहिले की मी खराटा उचलला.

अधिकारी आले. तीन जण होते. त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. त्यांच्यात एक बाई होत्या, आळीत त्यांना नकाशावाल्या बाई म्हणतात. त्यांनी प्रत्येक घरात जाऊन पाणी किती वेळ येते, संडास कुठे आहे, म्हातारी माणसे किती, हे सगळे नीट विचारले. पण कपडे कुठे वाळतात हे विचारायचे त्यांना सुचले नाही, आणि सांगायचे आम्हाला सुचले नाही. जे रोज डोळ्यांसमोर असते ते काय सांगायचे. त्यांच्याबरोबरच्या तरुणाने जागेचे पुष्कळ फोटो काढले आणि म्हणाला, "जागा अगदी मोकळी ठेवलीय तुम्ही, छान." थोरली आठवडाभर हेच सांगत फिरत होती. मला तर तिने ते चार-पाच वेळा सांगितले, मी शेजारी उभी असूनही.

पुढे आराखडा कार्यालयाच्या भिंतीवर लावला. त्यात आमची घरे होती. नळ होता. टाकीमागच्या जागेवर मात्र 'वापरात नसलेली मोकळी जागा' असे लिहून तिथे वाहनतळ दाखवला होता. आमच्या आळीत एकाकडेही गाडी नाही. गाड्या जवळ झालेल्या नव्या दुकानांकडे येणाऱ्यांच्या.

हरकत घ्यायला आम्ही सुनावणीला गेलो. मी आणि थोरली आत गेलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्या तरुणाने काढलेला फोटो आमच्यापुढे ठेवला. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता इथं रोज कपडे वाळतात. यात दोरी दाखवा मला. एक बांबू दाखवा." फोटोत झाडलेली जमीन होती आणि एका कोपऱ्यात थोरली उभी होती, फोटोसाठी केस नीट करून. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मी बोलायला गेले तर तिने माझा हात दाबला. आम्ही बाहेर आलो. जिन्यात मी तिला विचारले, "तुम्ही सांगितलं का नाही, की त्या दिवशी आपणच सगळं काढलं होतं म्हणून?" ती म्हणाली, "अगं, तुमच्यासाठी झाडलं होतं असं त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? पाहुण्याला कुणी असं ऐकवतं का?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी कामापुरते बोलतो. घरात तीन माणसे असताना हे फार अवघड जाते. पतींना दोन्हीकडचे निरोप पोचवावे लागतात आणि ते बिचारे इस्त्री करून आधीच वैतागलेले असतात.

सुनावणीच्या दिवशी नकाशावाल्या बाई आमच्या मागे जिना उतरून आल्या होत्या. त्यांना वाईट वाटलेले दिसत होते. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं. आराखडा अजून कायम झालेला नाही. कुठल्याही सरकारी कागदावर त्या जागेवर तुम्ही कपडे वाळवता असं लिहिलेलं असेल तर आणा, मी ते पुन्हा पुढे मांडते. हमी देत नाही." आम्ही घरी येऊन शोधले. इस्पितळाच्या पावतीवर कपडे धुतल्याचे असते. विजेच्या बिलावर आम्ही कुठे राहतो ते असते. कपडे कुठे वाळतात असे कुणी कुणाला लिहून देत नाही. नवीन फोटो काढून नेले, तर ते आराखड्यानंतरचे आहेत म्हणून बाजूला ठेवले गेले.

आता आजचे सांगते.

आज सकाळी नेहमीप्रमाणे आमच्या इस्पितळाच्या चादरी वाळत घातल्या. इतर घरांनी कपडे आणले नव्हते, कारण आराखडा कायम नसतानाही वाहनतळाचे कुंपणवाले येणार हे कानावर आले होते आणि भानगड नको म्हणून ते घरी बसले. त्यांना मी दोष देत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला पोलिसांचे दार परवडत नाही. थोरलीने त्यांच्याही रांगा आमच्या चादरींनी भरून टाकल्या. पाच रांगा झाल्या. इस्पितळाचा दोन दिवसांचा माल होता.

त्यानंतर मुकादम पत्रे भरलेली गाडी, एक खोदायचे मशीन आणि चार-पाच मजूर घेऊन आला. मुकादम माणूस वाईट नाही. त्याने आवाज चढवला नाही. "बाई, चादरी काढून घ्या, पत्रे मारायचेत," असे तो म्हणाला. थोरली म्हणाली, "ओल्या चादरींचा ढीग घातला की त्यांना वास येतो. वास आला की इस्पितळ माल परत पाठवतं. वाळल्या की काढते." मुकादमाने विचारले, किती वेळ लागेल? थोरली म्हणाली, "वाळेपर्यंत." तो टाकीच्या सावलीत जाऊन बसला. मजूर तर लगेच आडवे झाले.

ऊन कडक होते. चादर तासाभरात वाळायला हरकत नव्हती. दोन-तीन तास झाले. मुकादमाला कुणाचा तरी सारखा फोन येत होता आणि पलीकडचा माणूस ओरडतो आहे हे आम्हाला इतक्या लांबूनही कळत होते. शेवटी मुकादम उठला, पहिल्या रांगेपाशी आला आणि त्याने एका चादरीला हात लावला. म्हणाला, "बाई, ही अजून ओली कशी?" थोरली म्हणाली, "जाड कापड आहे." तो पुन्हा जाऊन बसला. आणखी तासाने पुन्हा आला. चादर हातात धरून तो बराच वेळ बघत होता. "ही सकाळपेक्षा जास्त ओली आहे," असे तो म्हणाला. असे म्हणताना तो चिडलेला नव्हता, त्याला खरोखरच काही समजत नव्हते.

मग पुन्हा फोन आला. त्या फोननंतर त्याचा चेहरा उतरला. त्याने एका मजुराला दोरी कापायला सांगितले. मजूर नको म्हणाला. त्याने विचारले, का नको? मजूर म्हणाला, "मला नाही कापायची कुणाची दोरी." तेव्हा मुकादमाने स्वतः सुरा घेतला आणि टोकाच्या बांबूमागे उभे राहून दोरी कापली. टोकाचा बांबू बाहेर झुकलेला असतो, दोरीच्या ताणाने तो धरलेला असतो. त्यात एक अख्खी रांग ओल्या चादरींची. दोरी सुटल्याबरोबर बांबू मागे आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. तो खाली पडला. चादरी मातीत गेल्या. मला आधी चादरी दिसल्या आणि मग तो दिसला, हे मी कबूल करते. त्याबद्दल मला वाईट वाटते आहे.

थोरली पलीकडून पळत आली. तिने हॉटेलचा एक कोरडा टॉवेल फाडून त्याचा हात गळ्याशी बांधला. "हलवू नका हात," असे त्याला दटावले. मग कुणीतरी ठाण्यात फोन केला. पुढचे साहेबांना माहीत आहे.

मी ठाण्यात आल्यावर बाहेरच्या ओट्यावर मुकादम बसलेला होता. त्याच्याबरोबर कुंपणाच्या ठेकेदाराच्या कार्यालयातला एक माणूस होता. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, इस्त्री बरी होती, कॉलर मात्र नीट बसलेली नव्हती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, दिवसभराच्या या कटकटीनं सगळेच दमलेत. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की तिथं कपडेबिपडे काही नव्हते. जागा रिकामीच असते. मुकादम पाय घसरून पडला. आम्ही लगेच तक्रार मागे घेतो. तासाभरात तुमच्या जाऊबाई घरी." मी विचारले, एवढेच? तो म्हणाला, "एवढंच. कुणाचं काही बिघडत नाही." मुकादम खाली पाहत होता.

मला ते पटले. इथे खोटे कशाला सांगू. मी दमले आहे. सकाळपासून पोटात काही नाही, एक रांग चादरी पुन्हा धुवायच्या आहेत, आणि जागा तर जाणारच आहे असे माझ्या मनाने केव्हाच घेतले आहे. थोरलीला गुडघ्यांचा त्रास आहे, बाकावर फार वेळ बसले की तिला उठता येत नाही. पती दारापर्यंत आले होते. मी त्यांना विचारले, काय करू? ते म्हणाले, "काय सांगायचं ते तू ठरव. पण घरी या दोघी." नकाशावाल्या बाईंनाही फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंना त्रास होईल असं मी काही सांगणार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पोलिसांच्या जबाबात ती जागा रिकामी असते असं तुमच्याच तोंडून आलं, तर मग मला काही करता येणार नाही. आणि तिथं कपडे वाळत होते असं आलं, तर तो सरकारी कागद झाला." त्याची हमी आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नाही."

साहेबांच्या परवानगीने मी थोरलीला भेटले. ती बाकावर बसली होती. मला पाहून तिने पहिल्यांदा विचारले, "भट्टीतला माल काढलास का?" मी म्हणाले, काढला. मग ती म्हणाली, "त्या शर्टवाल्यानं तुला सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग?"

मी म्हणाले, "तुम्हीच सांगा जाऊबाई. घरात कधी मला ठरवू दिलंयत, आज तरी कशाला."

तिने दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "झाडायचं मी ठरवलं होतं. त्यानं जे झालं तेवढं पुरे. आता तू ठरव. मी एक शब्द बोलणार नाही."

सुनावणीनंतर त्या झाडण्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. मला रडू आले. हे लिहायचे का असे हवालदार साहेबांनी विचारले. मी म्हणाले, लिहिले तरी चालेल, झालेच आहे ते.

तर मी असे सांगते की, टाकीमागची जागा रिकामी नसते. तिथे आमच्या आळीतली नऊ घरे कपडे वाळत घालतात. माझ्या सासूबाई घालत असत, मी घालते, आजही तिथे कपडे वाळत होते. आराखड्यासाठी फोटो काढले त्या दिवशी तिथे काही नव्हते, कारण फोटो काढायला येणाऱ्यांचा मान राखावा म्हणून आम्ही सगळे काढून ठेवले होते. तो फोटो खोटा नाही. पण तो एका दिवसाचा आहे.

मुकादमाला थोरलीने ढकललेले नाही. दोरी कापली तेव्हा ती त्याच्यापासून पाच रांगा पलीकडे, नळावर होती. ती तिथे काय करत होती, असे साहेबांनी विचारले. मी सांगते की ती झारीत पाणी भरत होती. झारी कशाला, असे विचारले. चादरींवर पाणी मारायला. सकाळपासून चादरी वाळू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारणे चालू होते. मुकादम पहिल्या रांगेपाशी आला की शेवटच्या रांगेवर, आणि शेवटच्या रांगेपाशी आला की पहिल्या रांगेवर.

यावर साहेबांनी लिहिणे थांबवून मला समजावले. ते म्हणाले, "मावशी, ढकललं नाही हे ठीक. पण पाण्याचं लिहिलं की अडथळा आणल्याचं तुम्ही स्वतःच कबूल करता. तक्रारवाल्यांना तेवढंच हवं आहे. पाण्याचं नका सांगू. नळावर हात धुवायला गेली होती असं सांगा." त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितले, त्यात दबाव नव्हता, असे मी नमूद करते. पण हात धुवायला गेली होती असे म्हटले तर मग चादरी दुपारपर्यंत तिथे कशा राहिल्या, असे कुणीतरी विचारणार. आणि चादरी नव्हत्याच असे म्हणायला तो शर्टवाला बाहेर बसलेला आहे. एक धागा सोडला की सगळे उसवते. म्हणून पाणी मारल्याचे लिहावे.

त्याखाली आणखी एक गोष्ट लिहावी, जी मुकादमाच्या तक्रारीत नाही, कारण त्याच्या ते लक्षात आले नाही. पाच रांगा भर उन्हात सकाळपासून दुपारपर्यंत ओल्या ठेवणे एकट्या बाईचे काम नाही, त्यातून जिचे गुडघे दुखतात तिचे तर नाहीच. इकडची रांग भिजवेपर्यंत तिकडची वाळते. दुसऱ्या टोकाला दुसरी झारी होती आणि ती माझ्या हातात होती. हे करायला मला थोरलीने सांगितलेले नाही. आम्ही सकाळपासून एकमेकींशी बोललेलोही नव्हतो.

माझे म्हणणे मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात ती जागा कपडे वाळवण्याची असल्याचे जिथे जिथे लिहिले आहे तिथे मी बोट ठेवून पाहिले. एका ठिकाणी 'मोकळ्या जागेवर' असे राहून गेले होते, ते साहेबांनी खोडून त्यावर सही केली. बाकी मी बोलले तसेच आहे. या जबाबाची नक्कल मला मिळावी अशी मी मागणी केली असून ती देण्याचे कबूल करण्यात आले आहे. सही करण्याआधी मी विचारले की, यानंतर मी कुठे बसायचे. थोरलीच्या शेजारी, असे सांगण्यात आले. ते मला मान्य आहे.